श्रीलंकेतली जात, रूढीचे कायदे आणि बौद्ध धर्माचं अग्रस्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तिघांकडून येतात: कायद्याचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी, श्रीलंकेला तीर्थयात्रेसाठी जाणारे महाराष्ट्रातले बौद्ध, आणि जाफन्याकडच्या कुटुंबांशी सोयरीक किंवा जमिनीचा व्यवहार असलेले लोक. एकाच गोष्टीला दोन ठिकाणी उत्तर देण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बौद्ध धर्मात जात नाही म्हणतात, मग श्रीलंकेतल्या बौद्धांत ती आली कुठून?

धर्मातून नाही, राज्यव्यवस्थेतून. सिंहली राजांच्या काळात जमीन कसायला मिळायची ती सेवेच्या बदल्यात, आणि कोणती सेवा कोणी करायची हे जातीवर ठरायचं. या व्यवस्थेला राजकारिय म्हणत. ढोल वाजवणं, मडकी घडवणं, कपडे धुणं, दालचिनी सोलणं ही सगळी जमिनीला चिकटलेली कर्तव्यं होती. त्यामुळे सिंहली जातीला मनुस्मृतीसारखा धर्मग्रंथाचा आधार नाही आणि ब्राह्मणही नाहीत. शिवाशिवीची कल्पनाही भारतापेक्षा बरीच सौम्य आहे. याचा अर्थ ती नाहीशी झाली असा मात्र नाही. रविवारच्या वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिराती वाचा: 'गोवि बौद्ध' (गोवि म्हणजे गोविगम ही शेतकरी जात, प्रश्न २) हे शब्द आजही पहिल्या ओळीत सापडतात.

२. सिंहलींमधल्या मुख्य जाती कोणत्या?

सर्वांत मोठी गोविगम, म्हणजे शेतकरी. साधारण निम्मे सिंहली याच जातीचे मानले जातात. कँडीच्या डोंगराळ मुलखात त्यांच्यातच रदल नावाचा सरदारी थर आहे. किनारपट्टीवर तीन वजनदार जाती आहेत: कराव (मासेमारी), सलागम (दालचिनी) आणि दुराव (ताडी). वसाहतकाळातल्या व्यापाराने आणि मद्याच्या मक्त्यांनी यांच्यात पैसा आला, आणि तिथून धर्मातही उलथापालथ झाली (प्रश्न ३). याशिवाय वहुम्पुर, बत्गम, नवन्दन्न (सोनार-लोहार), बेरव (ढोलवादक), रदा (परीट), आणि उतरंडीच्या तळाशी किन्नर व रोडिय.

स्वातंत्र्यानंतरचं राजकारण बहुतांशी गोविगम हातातच राहिलं. राष्ट्राध्यक्ष झालेले रणसिंघे प्रेमदासा हा त्यातला ठळक अपवाद. जात ओळखण्याची खूण म्हणजे घराण्याचं 'गे' नाव. ते बदलून घेणारे पूर्वीही होते, आजही आहेत.

३. भिक्षुसंघसुद्धा जातीवर विभागलेला आहे, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यामागचा इतिहास माहीत असल्याशिवाय आजची रचना कळत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंकेत उपसंपदेची, म्हणजे श्रामणेराला पूर्ण भिक्षू करणाऱ्या दीक्षेची, परंपरा तुटली होती. उपसंपदा द्यायला किमान संख्येने उपसंपन्न भिक्षू लागतात, ते उरलेच नव्हते. १७५३ मध्ये वेलिविट सरणंकर यांच्या प्रयत्नाने आणि राजा कीर्ती श्री राजसिंह याच्या आश्रयाने सयामच्या अयुथ्थयाहून उपाली थेर आले आणि कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली. तो सयाम निकाय (निकाय म्हणजे भिक्षुसंघाचा पंथ). त्याच्या दोन शाखा: मल्वत्त आणि अस्गिरिय. दंतधातूच्या मंदिराची देखरेख याच दोघांकडे आहे.

पुढच्या काही वर्षांतच राजाज्ञेने उपसंपदा गोविगमांपुरती आणि कँडीपुरती मर्यादित झाली. (ज्या राजाच्या काळात हे झालं तो मदुरेकडच्या नायक्कर वंशातला, जन्माने शैव होता.) किनारपट्टीच्या जातींनी वाट पाहिली नाही. १७९९ मध्ये सलागम जातीचे वेलितरचे ज्ञानविमल थेर शिष्यांसह ब्रह्मदेशातल्या अमरपुरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन बालपिटियजवळ पाण्यावर उपसंपदा दिली. पाण्यावरच का, तर संघकर्माला 'सीमा', म्हणजे विधीसाठी ठरवलेली हद्द, लागते, आणि जमिनीवरची सीमा दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी वाहत्या पाण्यावर ती विनयाप्रमाणे (भिक्षूंच्या नियमांप्रमाणे) मान्य होते. हा अमरपुर निकाय. पण त्याचेही पुढे सलागम, कराव, दुराव असे जातवार उपगट पडले! १८६४ मध्ये अंबगहवत्ते सरणंकर यांनी रामञ्ञ निकाय स्थापला. त्याचा भर विनयाच्या कडक पालनावर होता आणि दार तत्त्वतः सर्व जातींना खुलं होतं. अमरपुर आणि रामञ्ञ या दोन निकायांनी २०१९ मध्ये एकत्र येण्याचा करार केला.

४. मग खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाला भिक्षू होताच येत नाही का?

येतं. प्रश्न फक्त 'कुठे' एवढाच आहे. श्रामणेर (उमेदवार भिक्षू) होण्यावर विनयात जातीची अट नाही, उपसंपदेवरही नाही. विनयातली वयाची अट २० वर्षांची आहे, आणि ती गर्भधारणेपासून मोजतात. व्यवहारात मुलगा ज्या विहारात प्रव्रज्या (श्रामणेराची दीक्षा) घेतो, त्या विहाराच्या निकायाने पुढचं सगळं ठरतं. सयाम निकायाच्या कँडीतल्या मुख्य शाखांत बिगर-गोविगमाला उपसंपदा मिळत नाही, हा रिवाज. त्याच निकायातल्या रंगिरी दंबुल्ल शाखेने मात्र १९८५ पासून जात न पाहता उपसंपदा द्यायला सुरुवात केली.

'हे न्यायालयात का टिकतं?' असा पुढचा प्रश्न हमखास येतो. उपसंपदा हा संघाचा अंतर्गत विधी आहे, शासनाची कृती नाही, आणि मूलभूत हक्काची याचिका फक्त शासनाविरुद्ध चालते (प्रश्न १३).

५. विहाराचा प्रमुख कोण होतो? गुरूनंतर विहार आपोआप शिष्याकडे जातो का?

बहुतेक विहारांत हो. विहाराधिपती ठरवण्याची सर्वसाधारण रीत शिष्यानुशिष्य परंपरा: गुरूने ज्याला चीवर (भिक्षूचं वस्त्र) दिलं किंवा ज्याची उपसंपदा केली त्या शिष्यांपैकी ज्येष्ठाचा हक्क पहिला. गुरू हयातीत दुसऱ्या शिष्याची नेमणूक करू शकतो. दुसरी रीत शिवुरु परंपरा: यात गुरूच्या रक्ताच्या नात्यातला भिक्षू वारस होतो, बहुधा पुतण्या किंवा भाचा. अशा विहारात जमीन, पद आणि जात तिन्ही एकाच कुटुंबात फिरत राहतात. वाद झाला की शिष्यानुशिष्य परंपरा गृहीत धरली जाते. दुसरी रीत आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची.

हे सगळं १९३१ च्या बौद्ध मालमत्ता अध्यादेशाखाली (क्रमांक १९) चालतं. घोटाळा बहुधा नोंदवहीत होतो. त्या अध्यादेशाप्रमाणे श्रामणेर आणि उपसंपन्न भिक्षूंची नोंद ठेवली जाते, आणि दाव्यात तोच पहिला पुरावा असतो. गुरूचं नाव चुकीचं लिहिलं गेलं, किंवा दोन गुरूंनी मिळून चीवर दिलं आणि नोंद एकाचीच झाली, की पुढे वर्षानुवर्षं खटला चालतो. चीवर सोडलं की हक्कही जातो, आणि पुन्हा चीवर घेतल्याने तो परत येत नाही.

६. राजकारिय इंग्रजांनी रद्द केली ना? मग देवळाच्या जमिनीवर अजून जातवार सेवा कशी?

१८३२ मध्ये कोलब्रुक-कॅमेरॉन आयोगाच्या वेळी सरकारी राजकारिय संपली. विहारगम आणि देवालगम, म्हणजे विहारांच्या व देवालयांच्या गावांतली सेवा वगळली गेली. १८७० च्या सेवाधारण अध्यादेशाने कुळाला सेवेऐवजी पैसे भरण्याची मुभा दिली, पण सेवा संपवली नाही. १९७२ च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी मालकीवर ५० एकरांची (भातशेतीला २५ एकरांची) कमाल मर्यादा घातली, तेव्हाही विहार-देवालयांच्या जमिनी सुटल्या. त्यामुळे कँडीच्या एसळ पेरहर या वार्षिक मिरवणुकीत ढोल वाजवणारं घराणं अजूनही बहुधा तेच असतं ज्याच्या पूर्वजांना त्या कामासाठी जमीन मिळाली होती. काहींना तो मान वाटतो, काहींना जातीचा शिक्का. तरुण मुलं शहरात गेली की सेवा करायला माणूस मिळत नाही, आणि मग कुळ बदली माणसाला पैसे देऊन पाठवतं.

७. तमिळांमधली जातव्यवस्था तमिळनाडूसारखीच आहे का?

नाही, आणि सगळे श्रीलंकन तमिळ एका साच्यातलेही नाहीत. तीन वेगळे प्रदेश धरा.

जाफन्यात वेळ्ळाळर (शेतजमिनीचे मालक) वरचढ. संख्येनेही तेच सर्वांत जास्त. त्यांच्याबरोबर कोवियर, किनाऱ्यावर स्वतंत्र ताकद असलेले करैयार, मग मुक्कुवर, तिमिलर वगैरे. तळाशी पंचमर म्हणवल्या गेलेल्या पाच जाती: वण्णार (परीट), अंबट्टर (न्हावी), पळ्ळर, नळवर (ताडी काढणारे) आणि परैयर. डचांच्या काळात कोवियर, पळ्ळर, नळवर यांच्यातल्या अनेकांना कायद्याने गुलाम मानलं जाई. गुलामगिरी रद्द झाली १८४४ मध्ये.

पूर्वेकडे बट्टिकलोवा भागात मुक्कुवर हीच प्रबळ जात. तिथली रचना 'कुडी' नावाच्या मातृवंशीय कुळांवर उभी आहे.

चहाच्या मळ्यांतले मलैयह तमिळ इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतून आले. त्यांच्यात पळ्ळर, परैयर, सक्किलियर मोठ्या संख्येने. मुकादमी करणारे कंगाणी मात्र बहुधा वरच्या जातींचे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांतले बहुसंख्य राष्ट्रहीन झाले आणि जाफन्याच्या उच्चवर्णीय नेतृत्वातल्या काहींनी त्या वेळी सरकारला साथ दिली. यात जात नव्हती असं म्हणणं कठीण आहे.

८. जाफन्यात ब्राह्मण सर्वांत वर नाहीत?

विधीत वर, सत्तेत नाही. ब्राह्मण थोडे आहेत आणि कोविलात (तमिळ हिंदूंच्या देवळात) पूजा करतात, पण कोविलचे विश्वस्त आणि मालक बहुतांशी वेळ्ळाळर. पुजारी त्यांच्या नेमणुकीवर असतो. एकोणिसाव्या शतकात शैव धर्माला नवी मांडणी देणारे आरुमुग नावलर (१८२२–१८७९) हेही वेळ्ळाळरच, आणि त्यांनी मिशनऱ्यांशी झुंज दिली तरी जातीची चौकट सोडली नाही.

९. तेसवलमै म्हणजे काय, आणि कोणाला लागू होतं?

जाफन्याच्या तमिळांच्या रूढींचं संकलन. डच गव्हर्नर सिमोन्स यांच्या आदेशावरून क्लास इसाक्स या अधिकाऱ्याने ते १७०६–०७ मध्ये तयार केलं आणि १२ मुदलियारांकडून (स्थानिक तमिळ प्रमुखांकडून) तपासून घेतलं. म्हणजे 'रूढी' कोणाची, तर बारा प्रतिष्ठितांना मान्य असलेली. इंग्रजांनी १८०६ च्या १८ क्रमांकाच्या विनियमाने त्याला कायद्याचं बळ दिलं. आज त्यातले जातिसेवेचे आणि गुलामीचे भाग मृत आहेत. जिवंत आहेत ते विवाहातली मालमत्ता, वारसा, 'ओट्टी' नावाचं ताबेगहाण (जमिनीचं उत्पन्न हेच व्याज) आणि अग्रक्रयाचा (विकली जाणारी जमीन आधी विकत घेण्याचा) हक्क (प्रश्न १२).

लागू होतं ते उत्तर प्रांतात कायमचं घर असलेल्या तमिळांना. जन्म जाफन्याचा एवढं पुरत नाही, आणि कोलंबोत नोकरीला गेल्याने ते सुटतही नाही. 'कायमचं घर' कुठे हा पुराव्याचा प्रश्न आहे. धर्माचा संबंध नाही: जाफन्याचे ख्रिस्ती तमिळही याच कायद्याखाली येतात. बट्टिकलोवाच्या आणि मळ्यांतल्या तमिळांना देशाचा सर्वसाधारण, रोमन-डच परंपरेचा कायदा लागतो. मुक्कुवरांचा स्वतंत्र कायदा १८७६ मध्ये संपवला गेला.

लग्नाने स्त्रीचा कायदा बदलतो. बाहेरच्या स्त्रीने तेसवलमै लागू असलेल्या पुरुषाशी लग्न केलं, तर लग्न टिकेपर्यंत तिलाही तो लागू. जाफन्याच्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी केलं, तर तेवढा काळ ती त्यातून बाहेर. पुरुषाचं मात्र काहीच बदलत नाही.

१०. नवऱ्याने लग्नानंतर घर घेतलं आणि तो वारला. बायकोला किती?

आधी मालमत्ता कोणत्या प्रकारची ते पाहा: मुदुसम (आईवडिलांकडून वारसाने आलेली), उरुमै (इतर नातेवाइकांकडून आलेली), चीदनम (मुलीला लग्नात दिलेली) की तेडियतेट्टम (लग्नानंतर मोबदला देऊन मिळवलेली).

लग्नानंतर स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर म्हणजे तेडियतेट्टम. मृत्युपत्र नसेल आणि दोन मुलं असतील, तर निम्मं विधवेचं आणि उरलेलं निम्मं मुलांचं, म्हणजे प्रत्येकी पाव. वडिलोपार्जित जमीन विकून त्याच पैशातून घर घेतलं असेल, तर ते तेडियतेट्टम राहत नाही. खरेदीखतात पैशाचा उगम लिहिलेला नसला की भांडण इथेच सुरू होतं.

गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, पण फरक आहे. गोव्याच्या नागरी संहितेत वेगळा करार नसेल तर पतिपत्नी लग्नापासूनच निम्म्या-निम्म्याचे मालक होतात. तेसवलमैत १९४७ च्या दुरुस्तीनंतर कमावणाऱ्याच्या हयातीत मालमत्ता त्याचीच, वाटणी मृत्यूनंतर. त्यामुळे व्यवहार १९४७ च्या आधीचा की नंतरचा, हे पहिल्यांदा विचारा.

हुंडा घेऊन लग्न झालेल्या मुलीचा आईवडिलांच्या उरलेल्या मालमत्तेवर भावंडांच्या बरोबरीने हक्क राहत नाही, ही जुनी अटही लक्षात ठेवा.

११. चीदनमची जमीन बायकोच्या नावावर आहे. ती विकू शकते ना?

एकटी नाही. १९११ च्या जाफना वैवाहिक हक्क व वारसा अध्यादेशाप्रमाणे जंगम वस्तू ती स्वतः विकू शकते, पण स्थावरासाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. नवरा परागंदा असेल किंवा विनाकारण अडवत असेल, तर जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करून परवानगी मिळवता येते. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या बायकांना याचा सर्वाधिक जाच झाला: मृत्यूचा दाखला नाही, त्यामुळे विधवा नाही, आणि संमती द्यायला नवराही नाही. तोंडी संमतीवर किंवा मागाहून सही घेऊ या भरवशावर खरेदीखत करू नका.

१२. तेसवलमैमुळे सिंहली किंवा मुस्लीम माणसाला जाफन्यात जमीन घेताच येत नाही, असं ऐकलं. खरं का?

नाही. अग्रक्रयाचा हक्क एवढंच सांगतो की हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकण्याआधी सहहिस्सेदारांना आणि संभाव्य वारसांना रीतसर नोटीस द्यावी. त्यांनी त्याच किमतीला घेतली नाही, तर जमीन कोणालाही विकता येते. एकट्याच्या मालकीच्या जमिनीवर सहहिस्सेदारच नसतो. पूर्वी हा हक्क अधिक रुंद होता, १९४७ च्या अग्रक्रय अध्यादेशाने (क्रमांक ५९) आवळला.

उलट हा हक्क उत्तर प्रांतातल्या जमिनीला चिकटलेला आहे, मालक तमिळ असो वा नसो. नोटीस न देता विक्री झाली, तर सहहिस्सेदार दावा लावून खरेदीदाराच्या जागी स्वतः उभा राहू शकतो. पंचमर जातींतल्या माणसाला जमीन मिळत नाही ती बहुधा या कायद्याने नव्हे, तर विकणाराच 'आपल्यातल्याला' शोधतो म्हणून.

१३. घटनेत जातिभेदाला बंदी आहे, मग हे सगळं टिकतं कसं?

१९७८ च्या घटनेचं कलम १२(२) जातीवरून भेदभाव करायला मनाई करतं. १२(३) दुकानं, उपाहारगृहं आणि 'स्वतःच्या धर्माची' सार्वजनिक प्रार्थनास्थळं यांत जातीवरून अटकाव करू नये असं सांगतं. पण कलम १६(१) म्हणतं की आधीपासून असलेला लिखित-अलिखित कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असला तरी वैधच राहील. तेसवलमै आणि कँडीचा कायदा (प्रश्न १५) त्या छत्राखाली सुरक्षित आहेत. भर म्हणजे संसदेने एकदा केलेला कायदा नंतर रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही (कलम ८०(३)). भारतात आपण ज्या न्यायिक पुनर्विलोकनाला गृहीत धरतो, ते इथे नाही.

मूलभूत हक्काची याचिका कलम १२६ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात होते, भंग झाल्यापासून एका महिन्याच्या आत, आणि शासकीय कृतीविरुद्धच. शेजाऱ्याने विहिरीवर अडवलं, तर हा मार्ग नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१४. मंदिरात किंवा विहिरीवर अडवलं तर कोणता कायदा?

१९५७ चा सामाजिक अपात्रता प्रतिबंध कायदा (क्रमांक २१). हा फौजदारी आहे, तक्रार पोलिसांत करायची. शाळा, दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, वाहनं, मंदिरं त्यात येतात. जाफना द्वीपकल्पात बारमाही नदी नाही, सगळं पाणी विहिरीचं, म्हणून विहिरीवरचा अटकाव तिथे फार जिव्हारी लागणारा.

कायदा झाला तरी दारं उघडली नाहीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डाव्या पक्षांच्या पुढाकाराने चहाची दुकानं आणि कोविलं यांत प्रवेशाची आंदोलनं झाली. १९६८ मध्ये मावित्तपुरमच्या कंदस्वामी कोविलच्या दारात माजी खासदार सी. सुंदरलिंगम विरोधकांचं नेतृत्व करत उभे राहिले आणि प्रकरण याच कायद्याखाली न्यायालयात गेलं. मर्यादा अशी: जिथे सर्वसामान्य भक्तांना जाता येतं तिथवरच हक्क आहे, गर्भगृहात नाही. खासगी कुलदेवालय असल्याचा बचाव वारंवार घेतला जातो. म्हणून तक्रारीत इतर भक्त तिथे नेमाने जातात याचे साक्षीदार नोंदवा.

१५. कँडीच्या कायद्यात 'बिन्न' आणि 'दीग' लग्न म्हणजे काय?

दीग लग्नात मुलगी सासरी जाते, बिन्न लग्नात जावई सासुरवाडीत राहायला येतो. वडिलांच्या हयातीत दीग लग्न झालेल्या मुलीचा, भाऊ असतील तर, वडिलांच्या स्थावरातला वारसा जातो. बिन्न लग्नात राहतो. विवाहनोंदीत प्रकार लिहिलाच नसेल तर दीग गृहीत धरतात, म्हणून सही करण्याआधी तो रकाना वाचा. हे १९५२ च्या कँडी विवाह व घटस्फोट कायद्याखाली (क्रमांक ४४) चालतं, दोघंही कँडीचे असले तरच. नोंदणी न केलेलं रूढीचं लग्न वैध नाही. परस्परसंमतीचा घटस्फोट मात्र न्यायालयात न जाता जिल्हा निबंधकाकडे होतो. देशाच्या सर्वसाधारण विवाह कायद्यात ही सोय नाही. भावाभावांनी मिळून एक पत्नी करण्याची जुनी चाल १८५९ मध्ये बंद झाली.

१६. बौद्ध धर्म श्रीलंकेचा राजधर्म आहे का?

शब्दशः नाही. कलम ९ बौद्ध धर्माला 'अग्रस्थान' देतं आणि बुद्धशासनाचं रक्षण व संवर्धन हे राज्याचं कर्तव्य ठरवतं. इतर धर्मांना कलम १० आणि १४(१)(ङ) चे हक्क राखून. १९४७ च्या घटनेत हे नव्हतं, उलट कलम २९(२) कोणत्याही धर्माला खास सवलत देण्यास मनाई करत होतं. अग्रस्थान आलं १९७२ मध्ये. मागे १८१५ च्या कँडी करारातल्या पाचव्या कलमाची आठवण होती, ज्यात इंग्रजांनी बौद्ध धर्म अबाधित ठेवण्याचं वचन दिलं होतं. आज कलम ९ बदलायला दोन-तृतीयांश बहुमत आणि वर सार्वमत लागतं.

व्यवहारातला परिणाम २००३ मध्ये दिसला. एका कॅथलिक भगिनीसंघाला कायद्याने संस्थेचा दर्जा देण्याच्या विधेयकावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्म पाळण्याचा हक्क आहे, धर्मप्रसाराचा मूलभूत हक्क नाही. भारताच्या कलम २५ मध्ये 'प्रसार' हा शब्द आहे, श्रीलंकेच्या घटनेत नाही.

१७. बाबासाहेबांनी श्रीलंकेतल्या जातीविषयी काय पाहिलं? आणि आपल्यासारखं आरक्षण तिथल्या बौद्धांना आहे का?

मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले होते आणि भारतातल्या बौद्ध धर्माच्या उदयास्तावर तिथे त्यांचं भाषण झालं. १९५६ ची दीक्षा त्यांनी कुठल्याही लंकन निकायाच्या जातवार चौकटीत बसवली नाही, ती गृहस्थांची सामुदायिक दीक्षा होती. महाराष्ट्रातला बौद्ध कँडीच्या विहारात 'आपल्या धर्माच्या घरी' जातो तेव्हा हा फरक त्याला जाणवतो.

आरक्षण नाही. जनगणनेत जात मोजली जात नाही, विद्यापीठ प्रवेशातला कोटा जिल्ह्यावर आहे, जातीवर नाही. भारतात अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० पासून आहेत. तिथे तशी यादीच नाही, त्यामुळे वंचित जातींची नेमकी संख्या कोणालाच मांडता येत नाही.

१८. आमचं घराणं जाफन्याचं, आम्ही दोन पिढ्या मुंबईत. आजोबांची जमीन तिथे आहे. काय करायचं?

आजोबांचा मृत्यू कधी झाला आणि तेव्हा त्यांचं कायमचं घर कुठे होतं, हे आधी ठरवा (प्रश्न ९). मग मूळ खत, जमीन नोंदणी कार्यालयातला उतारा, आजीआजोबांच्या लग्नाचा दाखला आणि त्यांच्या सर्व मुलांची यादी जमवा. मुलींना काय चीदनम दिलं होतं त्याची खतंही शोधा, त्यांच्याशिवाय हिस्सा ठरत नाही. हिस्सा अविभक्त असेल तर विकण्याआधी चुलत भावंडांना नोटीस (प्रश्न १२). जमीन युद्धकाळात लष्कराच्या ताब्यातल्या पट्ट्यात होती का तेही विचारा, कारण तिथे सीमेचे दगड हललेले असतात आणि नवी मोजणी केल्याशिवाय नोटरी पुढे जात नाही.